परातीएवढ्या प्रवाळटाकीची तयारी, आणि त्याआधी गोड्या पाण्याचा कॅन

समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आणि उन्हाळ्यात हवा पार कोरडी पडणाऱ्या नाशिकमध्ये ज्यांना छोटी प्रवाळटाकी, म्हणजे जिवंत प्रवाळ पाळण्याची खाऱ्या पाण्याची टाकी, उभी करायची आहे, त्यांनी काच, दिवा किंवा दगड यांपैकी काहीही विकत घेण्यापूर्वी पाच लिटरचा एक झाकणाचा कॅन आणावा, त्यावर ठळक अक्षरांत ‘गोडे’ असे लिहावे आणि मगच पुढचे वाचावे. गेल्या मे महिन्यात माझ्याकडे बाकी सगळे होते, फक्त हा कॅन नव्हता, आणि त्यामुळे टाकी गेली.

टाकी नेहमीच्या उभ्या पेटीसारखी नसून पसरट, परातीसारखी आहे: लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ४० आणि उंची २०. वरून पाहिल्यावर भरतीनंतर खडकाच्या खळग्यात साचलेल्या पाण्यासारखी ती दिसावी, एवढीच हौस होती. मासे नाहीत, स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) नाही, खाली गाळणीसाठी वेगळी सम्पची टाकी नाही. १७ सेंटिमीटरपर्यंत भरली की दगड-वाळूची जागा वजा जाता सुमारे ३६ लिटर पाणी राहते. काच कोणताही चांगला काचवाला चिकटवून देतो. दोन दिवस पाणी भरून फरशीवर ठेवावी आणि गळत नाही याची खात्री करावी. खाली कडप्प्याचा ओटा असेल तर वजनाची काळजी नको, मात्र लेव्हल-बाटली लावून पाहावी, कारण पसरट टाकीत अर्ध्या सेंटिमीटरचा कलही लगेच डोळ्यांत येतो.

आता पाणी. गंगापूर धरणाचे नळाचे पाणी पिण्यास उत्तम आहे, पण क्लोरिन आणि विरघळलेले क्षार यांमुळे ते तसेच टाकीत चालत नाही. बोअरचे पाणी तर मुळीच नाही. आरओचे पाणी लागते आणि त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्याच्या जितका जवळ तितका बरा. स्वयंपाकघरातला आरओ आहेच, असे म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. घरगुती यंत्रे चवीसाठी खनिजे परत मिसळतात, आणि हल्ली अनेक यंत्रांत तांब्याची कांडी असते, जी माणसाला मानवत असेलही, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांच्यासाठी तांबे हे थोड्या प्रमाणातही विषच आहे. ज्या गावात भांडी बाजार आहे आणि घरोघरी तांब्याचा हंडा आहे, तिथे हे दोनदा सांगायला हवे: टाकीचे पाणी मोजायला, ओतायला किंवा साठवायला तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये, एकदाही नाही. प्लास्टिकची बादली घ्यावी आणि ती फरशी पुसायच्या कामातून कायमची सोडवावी.

मीठ प्रवाळटाकीसाठीचेच घ्यावे, खडेमीठ नव्हे. लिटरमागे किती ते पाकिटावर असते. ३६ लिटरांना साधारण १.३ ते १.४ किलो लागते. पाण्यात मीठ घालावे, मिठावर पाणी ओतू नये, नाहीतर कॅल्शियमचा साका तळाशी बसतो आणि मग कितीही ढवळले तरी तो विरघळत नाही. रात्रभर पंप लावून फिरवावे आणि क्षारता, म्हणजे पाण्यातले मिठाचे प्रमाण, रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी; हे थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारे छोटे उपकरण. हजारी ३५ भाग, म्हणजेच विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, हे लक्ष्य. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा.

यानंतर ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते बाष्पीभवन. पाणी उडते, मीठ उडत नाही. हे वाक्य मला पाचवीपासून पाठ होते आणि तरीही चूक झाली, म्हणून सविस्तर लिहितो. मे महिन्यात टाकीचे तापमान ३० च्या पुढे जाऊ लागल्यावर मी पृष्ठभागावर एक क्लिपचा पंखा लावला. नाशिकच्या कोरड्या हवेत हा पंखा फार चांगले काम करतो, तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरते, पण ते उतरते पाणी उडाल्यामुळेच, फुकट नव्हे. माझ्या टाकीत रोज जवळजवळ अर्धा सेंटिमीटर पाणी घटत होते. ६० गुणिले ४० च्या पसरट टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे २.४ लिटर, तेव्हा अर्धा सेंटिमीटर म्हणजे १.२ लिटर. ती तूट मी रोज सकाळी पाणी बदलण्यासाठी तयार ठेवलेल्या खाऱ्या कॅनमधून भरून काढत होतो, कारण समुद्राच्या टाकीत समुद्राचेच पाणी घालायचे असे डोक्यात पक्के बसले होते. रोज १.२ लिटर म्हणजे रोज ४२ ग्रॅम जादा मीठ. नऊ दिवसांत ३५ ची क्षारता ४५ च्या पुढे गेली. पंख्याच्या बाजूच्या काठावर पिठीसारखा पांढरा थर धरत होता. तो मी रोज ओल्या फडक्याने पुसून काच चकचकीत करत होतो आणि रिफ्रॅक्टोमीटर मात्र खणात, डबीत होता. दहाव्या दिवशी झोअँथिडची (फुलांच्या झुबक्यासारख्या दिसणाऱ्या, प्रवाळांच्या नात्यातल्या जीवांची) सगळी तोंडे कळ्यांसारखी मिटलेली होती आणि दोन गोगलगायी वाळूवर उताण्या पडल्या होत्या. आईने एवढेच विचारले, “आमटी आटली तर आपण त्यात आणखी मीठ घालतो का आधणाचे पाणी?”

त्यावर मी दुसरी चूक केली ती घाबरून. आठ लिटर गोडे पाणी एका दमात ओतले आणि जे क्षारतेने मेले नव्हते ते त्या धक्क्याने गेले. क्षारता वाढली असेल तर ती दिवसाला एक-दोन अंकांनीच खाली आणावी.

म्हणून ‘गोडे’ लिहिलेला कॅन. त्यात फक्त आरओचे पाणी, मीठ एक कणही नाही. टाकीच्या काचेवर बाहेरून काळ्या इन्सुलेशन टेपची बारीक पट्टी पाण्याच्या रेषेवर लावावी आणि रोज एका ठरावीक वेळी, पंप दोन मिनिटे बंद करून, पाणी त्या पट्टीपर्यंत गोड्या कॅनमधून आणावे. खारा कॅन शक्यतो दुसऱ्या रंगाचा आणि दुसऱ्या खोलीत असावा. खारे पाणी फक्त पाणी बदलताना, म्हणजे जेवढे खारे काढले तेवढेच खारे घालताना. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडे. तरंगता व्हॉल्व्ह किंवा सेन्सरचा आपोआप भरणारा पंपही मिळतो आणि तो घेणे उत्तम, पण त्याची साठवण मोठी ठेवण्याचा मोह टाळावा: सेन्सर अडकला आणि पाच लिटर एकदम आत गेले तर क्षारता ३१ च्या खाली येईल, ते एक वेळ निभावेल, वीस लिटर गेले तर काहीही वाचणार नाही, शिवाय फरशीही भिजेल. पाच लिटर मे महिन्यात चार दिवस पुरतात. चार दिवसांनी भरावे, कंटाळा करू नये.

दगडाकडे वळतो. मालवणला गेल्यावर किनाऱ्यावरचा एखादा पांढरा तुकडा पिशवीत टाकावासा वाटतो, टाकू नये. तिथले सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे आहे आणि दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. विक्रेता ‘ओरिजिनल रॉक’ म्हणून काही दाखवू लागला तर दुकानातून बाहेर पडावे. कारखान्यात तयार केलेला कोरडा, सच्छिद्र दगड चार-पाच किलो पुरतो. गोदावरीतले काळे गोटे दिसायला सुंदर असतात, पण ते इतके घट्ट असतात की जिवाणूंना राहायला फक्त वरची कातडी मिळते. आपल्या भागातल्या बेसाल्टमध्ये सापडणारे झिओलाइट हे खनिज अमोनिया (टाकीतल्या जीवांना विषारी असलेला, घाणीतून तयार होणारा पदार्थ) शोषते असे कोणी सुचवील. ते गोड्या पाण्यात खरे आहे, खाऱ्या पाण्यात सोडियम त्याची जागा आधीच अडवतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते डोळे भरून पाहावे आणि टाकीत घालू नये. वाळू अ‍ॅरॅगोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची), दोन सेंटिमीटर. नदीची वाळू नको.

उपकरणे थोडीच लागतात: ताशी ५०० ते ७०० लिटरचा एक छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा बुडीत पंप), निळा-पांढरा एलईडी, थर्मामीटर, ५० वॅटचा हीटर. हीटर कशाला, असे उन्हाळ्यात वाटेल. जानेवारीत पारा एक आकडी झाला की कळेल. पसरट टाकीत हीटर आडवा आणि पूर्ण बुडालेला असावा. पाण्याची रेष खाली गेली आणि तो उघडा पडला तर काच तडकते, आणि रेष खाली कशाने जाते ते वर सांगितले आहेच. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप घेऊन ठेवावा. सुरुवात मे महिन्यात न करता पावसाळ्याच्या शेवटी करावी, म्हणजे उन्हाळ्याचा पहिला मार बसेपर्यंत टाकी जुनी झालेली असते.

मग सायकलिंग, म्हणजे टाकीत उपयोगी जिवाणू रुजवणे. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर वस्ती करेपर्यंत टाकीत एकही जीव सोडायचा नाही. जिवाणूंना खायला अमोनिया द्यावा लागतो. जुनी पद्धत म्हणजे एक कच्ची कोळंबी कुजवणे, पण तिचा वास चौथ्या दिवशी जिन्यापर्यंत जातो आणि श्रावणात तर हा विषयही घरात काढू नये. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड बरे. हा म्हणजे कल्हईवाल्यांचा नवसागरच, मात्र तो कल्हईवाल्याकडून आणू नये, त्यात कोणता धातू मिसळला असेल ते सांगता येत नाही. रसायनांच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. १० ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवावी, तिच्यावर नाव लिहून ती मुलांपासून दूर ठेवावी, आणि त्यातले सुमारे २३ मिलिलिटर टाकीत घालावे. ३६ लिटरांत अमोनिया २ पीपीएमच्या (दशलक्ष भागांत दोन भागांच्या) आसपास येतो. बाटलीतले तयार जिवाणू घातल्यास वेळ वाचतो, पण उन्हात कुरियरने आलेली बाटली ही बहुधा नुसत्या पाण्याचीच बाटली असते.

पहिले आठ-दहा दिवस काहीच घडत नाही आणि माणूस वैतागून पुन्हा अमोनिया घालतो. घालू नये. दर दोन दिवसांनी टेस्ट किटने पाहावे. अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढते, आणि किटमधला त्याचा जांभळा रंग आठवडा-दोन आठवडे जागचा हलत नाही. या काळात नायट्रेट मोजण्यात अर्थ नाही, नायट्राइटमुळे आकडा फुगलेला येतो. दिवा बंदच ठेवावा, शेवाळाला आमंत्रण नको. आणि टाकी रिकामी आहे म्हणून पाण्याच्या रेषेकडे दुर्लक्ष करू नये: सायकलिंगच्या पाच आठवड्यांतही पाणी तितकेच उडते, क्षारता तितकीच चढते, चढल्या क्षारतेत जिवाणूही मंदावतात, आणि मुख्य म्हणजे चुकीच्या कॅनची सवय याच काळात हाताला लागते. माझ्या हाताला ती तेव्हाच लागली होती. गोडे पाणी, रोज, पट्टीपर्यंत.

२ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार. साधारण चार ते सहा आठवडे. अर्धे पाणी बदलावे, खाऱ्याच्या जागी खारे.

पुढचे थोडक्यात. दिवा सुरू करावा, आधी चार तास, मग हळूहळू आठ. सगळीकडे तपकिरी साय धरेल. ते डायाटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, आपोआप जातात. आधी दोन-तीन गोगलगायी, दोन आठवड्यांनी एक झोअँथिड, मग एखादे मशरूम प्रवाळ. प्राणी आणताना पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजावी आणि तासाभरात थेंबाथेंबाने जुळवावी. झोअँथिडला हातमोजे घालूनच हात लावावा आणि ती चिकटलेला दगड कधीही उकळू नये. काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते आणि त्याची वाफ माणसाला रुग्णालयात पोचवते. दर आठवड्याला पाच लिटर पाणी बदलावे. कोळंबी तीन महिन्यांपर्यंत नको.

गावाला जायचे असेल तर शेजाऱ्यांना टाकीबद्दल काहीही समजावून सांगू नये, खाण्याबद्दलही नाही. गोड्या पाण्याच्या अर्ध्या-एक लिटरच्या बाटल्या मोजून, वार लिहून टाकीशेजारी ओळीने ठेवाव्यात, आणि खारा कॅन कुलपात.