होस्टेलच्या खोलीतून व्यवसाय: खोलीला मानवेल तेच काम

होस्टेलमध्ये राहून छोटा व्यवसाय करायचा म्हटलं की पहिला प्रश्न भांडवलाचा येतो. माझ्या मते त्याआधी खोली नीट पाहावी. पलंग, टेबल, कपाट आणि मधली फरशी, एवढीच जागा. त्यातही निम्मी रूममेटची. कितीही चांगली कल्पना असली तरी ती या जागेत मावणार नसेल, तर व्यवसाय चालण्याआधी रोजची भांडणं सुरू होतात.

मी हाताने शिवलेल्या वह्या विकायचो. सुई-दोरा, टोच्या, पट्टी, पुठ्ठा आणि खळ, बस. शेगडी नाही, यंत्र नाही, खडखडाट नाही. शेजारी कुणी झोपलेलं असलं तरी शिवण चालू राहते. ए-फोरचे 5 कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की 20 पृष्ठांची एक घडी होते. अशा 8 घड्या जुजबंदी करून, म्हणजे मधल्या दुमडीतून दोरा घालून एकमेकींना जोडत शिवल्या की 160 पृष्ठांची वही तयार. म्हणजे 500 कागदांच्या एका रिमात 12 वह्या होतात आणि थोडे कागद उरतात. कडा एकसारख्या कापण्याचं काम मात्र मी बाहेर बाइंडरकडे द्यायचो. कटिंग मशीन खोलीत आणण्याचा विचारसुद्धा करू नये.

कागद घाऊक घेतला तर स्वस्त पडतो, हे खरं. पण 80 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणाऱ्या) ए-फोर कागदाचं एक रीम अडीच किलोचं असतं. दहा रिमं म्हणजे पंचवीस किलो, तेही पलंगाखाली. शिवाय ज्या खोलीत ओले टॉवेल वाळतात तिथे कागद दमट होतो आणि त्याला लाटा येतात. म्हणून मी आधी ऑर्डर, अर्धे पैसे आगाऊ आणि मगच कागद, हा क्रम शेवटपर्यंत मोडला नाही. माल साठत नाही आणि खिशातले पैसेही अडकत नाहीत. तुम्ही वह्यांऐवजी दुसरं काही करणार असाल, तरी हा क्रम तुमच्या कामाला लावता येतो का ते आधी पाहा.

आता नियम. होस्टेलचा करार कंटाळवाणा असतो, तरी पूर्ण वाचा. बऱ्याच ठिकाणी खोलीत व्यावसायिक काम करायला मनाई असते. कुठे परवानगी घेऊन चालतं. तोंडी ‘कर की’ यावर विसंबू नका. मी वॉर्डनना अर्ज दिला होता, त्यात चारच गोष्टी लिहिल्या: काम काय, साधनं कोणती, गिऱ्हाईक खोलीवर येणार नाही आणि कचरा मी स्वतः उचलेन. वॉर्डनना धंद्यापेक्षा आग, गर्दी आणि तक्रारी यांची काळजी असते. त्यांच्या मनातल्या शंकांना अर्जातच उत्तर दिलं की काम सोपं होतं. होस्टेलचं वायफाय व्यवसायासाठी वापरता येतं का आणि पत्ता म्हणून होस्टेलचं नाव देता येतं का, हेही त्याच वेळी विचारून घ्या. परदेशात शिकत असाल तर व्हिसाच्या अटी सगळ्यात आधी. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नाही. तिथे वॉर्डननी हो म्हटल्याने काहीच बदलत नाही.

रूममेटशी बोलणं हे परवानगीइतकंच महत्त्वाचं आहे. टेबल कोणत्या वेळी माझं, खळ लावलेल्या वह्या दाबाखाली वाळत कुठे ठेवायच्या, त्याच्या परीक्षेत काम पूर्ण बंद, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं.

मायकेल डेल यांनी 1984 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीतून 1000 डॉलरवर आपली डेल ही संगणक कंपनी सुरू केली, हे उदाहरण तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. ते पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडून पूर्ण वेळ धंद्यात उतरले, हा भागही त्यासोबत लक्षात घ्या. ज्याला पदवी पुरी करायची आहे त्याने ऑर्डरींची मर्यादा आधी ठरवायला हवी. सत्र सुरू होताना वह्यांना खूप मागणी असते. त्या वेळी नाही म्हणणं जड जातं, पण म्हणावं. परीक्षेच्या तोंडावर मी नवी ऑर्डर घेतच नव्हतो.

किंमत ठरवताना कागद, पुठ्ठा, दोरा, कटिंग यांच्याबरोबर स्वतःचे तासही धरा. मित्र ‘तुझा काय खर्च येतो’ म्हणतात तेव्हा त्यांना फक्त कागद दिसतो. उधारी ठेवायची नाही, मित्रांची तर नाहीच. मैत्री टिकवायची असेल तर हे फार गरजेचं आहे. धंद्याचे पैसे मेसच्या पैशांत मिसळू नका. वेगळं खातं उघडणं शक्य नसेल तर निदान वेगळी नोंदवही ठेवा आणि ऑर्डर आली त्याच दिवशी लिहा.

सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का, हे पहिल्याच सत्रात विचारा. लागत असेल तर शेवटचा कागद कधी घ्यायचा ते त्या तारखेवरून मागे मोजून ठरवा. उरलेला पुठ्ठा आणि साधनं एका पेटीत बसतील इतकाच पसारा ठेवा.