वायफायचे ॲक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर : कोकणात बसवताना या चुका टाळा

ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा) भिंतीवर चढवायच्या आधी टेबलावरच कंट्रोलरला, म्हणजे सगळे एपी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला किंवा यंत्राला, जोडून घ्या. दापोली, गुहागर, तारकर्ली पट्ट्यातल्या होमस्टेंमध्ये वायफाय बसवताना निम्मी कटकट एवढ्यानेच वाचते. होतं मात्र उलटं. आधी शिडी लावून सगळे एपी ठोकले जातात, मग लॅपटॉप उघडला जातो आणि त्यातले दोन दिसतच नाहीत.

दिसत नाहीत म्हणजे ते बिघडलेत असं नाही. कंट्रोलर नवीन एपी शोधतो तो आपल्याच नेटवर्कात, राउटरच्या पलीकडे त्याची हाक जात नाही. मध्ये जुना राउटर तसाच ठेवला असेल तर दोन नेटवर्क होतात आणि एपी दुसऱ्याच बाजूला राहतो. जुना राउटर काढा, नाहीतर त्याचा डीएचसीपी (प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कातला ओळख क्रमांक, वाटणारी सोय) बंद करून त्याला ब्रिज मोडला टाका, म्हणजे तो नुसता पूल म्हणून काम करतो. दुसरी अडचण कंट्रोलरच्या लॅपटॉपवरच्या विंडोजच्या फायरवॉलची, ती बाहेरून येणारी जोडणी अडवते. युनिफाय या ब्रँडचा एपी कंट्रोलरशी टीसीपी ८०८० पोर्टवर, म्हणजे लॅपटॉपच्या त्या क्रमांकाच्या दारावर, बोलतो. ओमाडा या ब्रँडला शोधासाठी यूडीपी २९८१० आणि पुढच्या कामाला टीसीपी २९८११ पासूनचे पोर्ट लागतात. हे मोकळे करा. एपी सेकंडहॅंड असेल आणि आधीच्या कंट्रोलरशी बांधलेला असेल, तर रीसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरल्याशिवाय तो तुमचा होणार नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक

कंट्रोलर रिसेप्शनच्या लॅपटॉपवर टाकायचा आणि त्याला कायमचा आयपी पत्ता द्यायचा नाही. लाईट जाते, येते, राउटर रीस्टार्ट होतो आणि लॅपटॉपला नवा पत्ता मिळतो. एपी मात्र जुन्याच पत्त्यावर कंट्रोलरला शोधत राहतात. स्क्रीनवर सगळे ‘डिस्कनेक्टेड’ दिसतात आणि मालक घाबरून एकेक एपी रीसेट करत सुटतो. खरं तर पाहुण्यांचं वायफाय तेव्हा चालूच असतं, कारण एपी आपल्याकडे साठवलेल्या सेटिंगवर काम करत राहतो. रीसेट केला की ती सेटिंगही गेली आणि चालू असलेलं वायफाय आपल्याच हाताने बंद पडलं.

म्हणून आधी कंट्रोलरचा पत्ता तपासा. राउटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवा, शक्यतो पूर्वीचाच, म्हणजे एपी आपोआप परत येतात. युनिफायमध्ये पत्ता बदलावाच लागला तर एपीवर एसएसएचने (दुरून कमांड देण्याच्या सोयीने) शिरून ‘सेट-इन्फॉर्म’ या कमांडने नवा पत्ता देता येतो. तिथे कारखान्याचा पासवर्ड चालत नाही, कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये ठेवलेला लागतो. तो वहीत लिहून ठेवा. पाहुण्यांना व्हाउचर (लॉगिनचा कोड) देत असाल तर कंट्रोलर चोवीस तास चालू हवा, नाहीतर नवीन माणसाला लॉगिनचं पानच उघडणार नाही. अशा ठिकाणी लॅपटॉप नको, छोटा हार्डवेअर कंट्रोलर घ्या. बॅकअपची फाइल त्याच यंत्रावर ठेवू नका. वीज अचानक गेल्यावर डेटाबेस खराब होऊ शकतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाणं काही नवीन नाही. यूपीएस राउटरला देतात आणि पीओई स्विचला (नेटच्या केबलमधूनच एपीला वीज पुरवणाऱ्या स्विचला) विसरतात, मग त्या यूपीएसचा उपयोग काय? राउटर, स्विच, कंट्रोलर तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या.

चिऱ्याची भिंत

जांभ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ फार लांब जात नाही. ओटीवर एक एपी लावून मागच्या खोल्यांत नेट मिळेल ही आशा सोडा. ट्रान्समिट पॉवर ‘हाय’ केल्याने भागत नाही. एपीचा आवाज मोबाइलपर्यंत पोचतो, मोबाइलचा परत पोचत नाही. कांड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही. पॉवर मध्यम ठेवा, एपी वाढवा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६, ११ आलटून पालटून द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ मध्ये ५२ ते १४४ यांतला चॅनेल निवडला तर एपी आधी निदान एक मिनिट रडार आहे का ते ऐकतो आणि मगच दिसतो, तेवढ्यात तो मेला असं समजू नका. केबल टाकायचा कंटाळा म्हणून मेशवर, म्हणजे एपी एकमेकांना बिनतारी जोडण्यावर, जाणं मला पटत नाही. एकच रेडिओ दोन्हीकडे बोलत असेल तर वेग जवळपास निम्मा होतो आणि मध्ये चिऱ्याची भिंत आली की उरलेलाही जातो.

केबल आणि खारी हवा

समुद्राकाठचा एपी रात्री आपोआप रीस्टार्ट होत असेल तर सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी केबलचा जॅक काढून उजेडात धरा. आठ सोनेरी पट्ट्यांपैकी एखाददुसरीवर हिरवट थर दिसेल. पुसून ती टिकत नाही, टोक कापून नवा जॅक क्रिंप करा. बाहेरच्या एपीचं केबलचं तोंड खाली हवं, आणि केबल आत शिरण्यापूर्वी थोडी खाली झोळ देऊन सोडा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल पीओईला वापरूच नका. लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि गर्दीच्या वेळी एपी बंद पडतो. केबल शुद्ध तांब्याची, १०० मीटरच्या आत. मुख्य घरापासून बागेतल्या कॉटेजपर्यंत मात्र फायबर टाका. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा होतात, तेव्हा दोन इमारतींमधल्या तांब्याच्या तारेतून आलेला झटका स्विचचे पोर्ट जाळतो.

गणपतीत चाकरमानी आले की ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ असं म्हणून मोबाइल अडकतात. तेव्हा एपीला दोष देऊ नका, डीएचसीपीचे पत्ते संपलेले असतात. पन्नास पत्त्यांचा साठा दोनशेवर न्या आणि लीज, म्हणजे एक पत्ता एका मोबाइलकडे राहण्याची मुदत, चोवीस तासांऐवजी चार तासांची करा. त्याच दिवसांत फर्मवेअरचं (एपीच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) आपोआप होणारं अपडेट बंद ठेवा. गर्दी ओसरल्यावर आधी एका एपीवर टाकून दोन दिवस बघा, मग बाकीच्यांवर.