माफिया गेमचा सेटअप कुठल्या प्रकारचा आहे, कसं ओळखायचं

माफिया गेममध्ये काही खेळाडू गुपचूप माफिया असतात, बाकीचे गाववाले त्यांना ओळखून व्होटने बाहेर काढतात, आणि गेम चालवतो तो मॉडरेटर. कुठले रोल किती आणि नियम काय, तो सेटअप. आधी एक गोष्ट, थीम बघून वर्ग लावू नका. 1986 मध्ये मॉस्कोत दिमित्री दाविदोव्हने माफिया काढला, 1997 मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने त्यात माफियाच्या जागी वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारी माणसं घातली, पण आतला गेम तोच राहिला. गाव, स्पेसशिप, राजवाडा हे सगळे वरचे कपडे.

पहिलं बघायचं ते कोणाला काय माहितीये. राजा-राणी-चोर-शिपाई आठवा, चार चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुठली कोणाकडे आली ते माहीत नसतं. हाच ओपन सेटअप. मॉडरेटरने तीन-चार शक्य याद्या आधीच दाखवल्या आणि त्यातली एक गुपचूप चिठ्ठी टाकून निवडली तर सेमी-ओपन. काहीच सांगितलं नाही, फक्त तुमचा रोल तुमच्या इनबॉक्समध्ये आला, तर क्लोज्ड.

ही पायरी घाईत उरकू नका, कारण सगळा वाद इथेच होतो. समजा दोघंजण म्हणाले "मी डॉक्टर" (रात्री एकाला वाचवू शकणारा गाववाला). ओपनमध्ये यादीत डॉक्टर एकच असेल तर दोघांपैकी एक नक्की खोटं बोलतोय, आजचं व्होटिंग त्या दोघांतच करा. क्लोज्डमध्ये मात्र दोघंही खरे असू शकतात, तिथे हाच हिशोब लावलात तर गावाचा डॉक्टर गावच बाहेर काढतं, आणि मला हे बघताना खरंच फार वाईट वाटतं.

मग रोल बघा. डॉक्टर, डिटेक्टिव्ह (रात्री एकाची बाजू तपासणारा) कोणीच नाही, नुसते गाववाले आणि माफिया, तर त्याला माउंटनस म्हणतात, तिथे फक्त बोलण्यावरून आणि व्होटवरून पकडायचं.

त्यानंतर आकडे मोजा, कागदावर. 9 जण, त्यात 2 माफिया, दिवसापासून सुरुवात, रोज एक व्होटने जातो, रात्री माफिया एकाला मारतात आणि दोन्ही बाजू समान झाल्या की माफिया जिंकतात. सुरुवात 7 गाववाले-2 माफिया, म्हणजे 7-2. पहिल्या दिवशी चुकलात की 6-2, रात्रीनंतर 5-2. परत चुकलात की 4-2, मग 3-2. तिसऱ्यांदा चुकलात की 2-2, संपलं. म्हणजे गावाला दोन चुका माफ. आता दहावा खेळाडू म्हणून अजून एक गाववाला घ्या, तरी चुका दोनच माफ, म्हणून "अजून एकाला घेऊया" म्हणण्याआधी हे करून बघाच.

शेवटी मेलेल्याचा रोल उघड होतो का ते विचारा. अमंग अस या व्हिडिओ गेममध्ये 'कन्फर्म इजेक्ट्स' हे सेटिंग बंद केलं की बाहेर काढलेला इम्पोस्टर (तिथला माफिया) होता की नाही ते कळतच नाही, मॅप तोच, माणसं तीच, पण गेम पूर्ण वेगळा. मॉडरेटर असाल तर पहिल्या मेसेजमध्ये एवढं लिहाच: ओपन की क्लोज्ड, किती जण, मेल्यावर रोल दिसणार की नाही.