माउझर ९८चा बोल्ट : सफाई आणि वंगण

१८९८च्या माउझर या जर्मन रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) आजही असंख्य शिकारी रायफलींत तसाच्या तसा वापरला जातो. पुढची कृती मूळच्या तीन स्थितींच्या सेफ्टीसाठी (गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेल्या कळीसाठी) आहे. दुर्बिणीसाठी सेफ्टी बदलली असेल तर त्या रायफलीची माहितीपुस्तिका पाहावी.

आधी मॅगझिन रिकामं करा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मुळाशी काडतूस बसतं त्या जागेत, नुसतं पाहू नका, बोटही घाला. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. रायफल कॉक करून (म्हणजे काडतुसावर ठोका मारणारी फायरिंग पिन मागे ताणून) सेफ्टी मधल्या, उभ्या स्थितीत आणा. बोल्ट उघडा, डाव्या बाजूचा बोल्ट-स्टॉप बाहेर ओढा आणि बोल्ट मागे काढून घ्या. बोल्टच्या मागच्या टोकाला फिरवून बसवलेल्या स्लीव्हच्या डाव्या बाजूची खिटी दाबून स्लीव्ह घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की फायरिंग पिन स्प्रिंगसकट बाहेर येते. नेहमीच्या सफाईला एवढं पुरतं. पिनेवरून स्प्रिंग उतरवायचीच असेल तर डोळ्यांना चष्मा हवाच, कारण ती फार जोरात उसळते.

खरी घाण एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे झाडलेलं काडतूस ओढून काढणाऱ्या पट्टीच्या, नखाखाली साठते. पितळेचा कीस आणि काजळी तिथे घट्ट बसली की नखाची पकड सैल होते आणि रिकामं काडतूस चेंबरमध्येच राहतं. सॉल्व्हंटचे दोन थेंब सोडा, पाच मिनिटं थांबा, नायलॉनच्या ब्रशने खरवडा. त्यासाठी एक्स्ट्रॅक्टर काढायची गरज नाही. बोल्टच्या पोकळीत काठीला गुंडाळलेलं सुती कापड फिरवा. ते कोरडं आणि स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. जुनी, क्षारयुक्त प्रायमरची (ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याची) लष्करी काडतुसं वापरली असतील तर आधी गरम पाण्याने धुवा. ते क्षार तेलात विरघळत नाहीत, आणि गंज त्यांच्यामुळेच चढतो.

वंगणाबाबत हात आखडताच ठेवावा. पुढच्या दोन्ही लगांच्या (बोल्ट जागी अडकवून ठेवणाऱ्या उंचवट्यांच्या) मागच्या तोंडावर मोहरीएवढं ग्रीस, तेवढंच कॉकिंग पीस (फायरिंग पिनेच्या मागच्या टोकाचा तुकडा) ज्या उतारावर घासत चढतो तिथे आणि हँडलच्या बुंध्याशी. धातू दाबाखाली घासतो तो इथेच. बाकी पृष्ठभागावर तेलाचा हात लावलेलं कापड फिरवलं की झालं. फायरिंग पिन आणि स्प्रिंग जवळजवळ कोरडी हवीत. कडाक्याच्या थंडीत तिथलं तेल घट्ट होतं, पिनेचा ठोका हलका पडतो आणि काडतूस उडत नाही. बोल्टचं तोंड आणि चेंबर तर पूर्ण कोरडी पुसा. चेंबर तेलकट असेल तर काडतुसाचं कवच भिंतीला धरत नाही, आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

जोडताना स्लीव्हची खिटी खाचेत बसल्याचा टक् आवाज आला पाहिजे. मध्येच कॉकिंग पीस पुढे सुटला तर तो लाकडाच्या कडेला अडकवून मागे ओढा आणि सेफ्टी पुन्हा उभी करा. एक्स्ट्रॅक्टर उजव्या लगाच्या सरळ रेषेत आणल्याशिवाय बोल्ट आत जाणार नाही. तिथे जोर लावू नका. एकाच वेळी दोन रायफली साफ करत असाल तर बोल्ट अदलाबदल होऊ देऊ नका, हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि चेंबरमधल्या काडतुसाच्या बैठकीमधलं अंतर) बिघडू शकते आणि ते जिवावर बेतू शकतं.

शेवटी रिकाम्या चेंबरवर नळी सुरक्षित दिशेला धरून बोल्ट, सेफ्टी आणि ट्रिगर तपासा. दमट हवेत रायफल फोमच्या केसमध्ये ठेवू नका. फोम ओल धरतो, आणि पुसलेला बोल्टही गंजतो.