स्कॉटिश बँकरचं घराणं कसं शोधावं

मुंबईत किंवा कोलकात्यात नोकरी केलेल्या एखाद्या स्कॉटिश बँकरचं कुटुंब शोधायचं झालं, की बहुतेक जण आधी शिवडीची दफनभूमी गाठतात. मी म्हणते, सुरुवात स्कॉटलंडच्या कागदांपासून करा. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. निवृत्त झाल्यावर परदेशातल्या लोकांना त्यांच्या इथल्या पणजोबा-खापरपणजोबांचा माग काढून द्यायला लागले, आणि माझं मत पक्कं झालं: साहेबाची नोंद बँकेने ठेवली, पण त्याचं घर सापडतं ते बायकांच्या माहेरच्या आडनावांवरून.

स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. या नोंदी इतक्या भरगच्च आहेत की वाचताना हरखून जायला होतं. मृत्यूच्या नोंदीत बापाचं नाव, त्याचा धंदा आणि आईचं माहेरच्या आडनावासकट नाव असतं. लग्नाच्या नोंदीत वधू-वर दोघांचेही आईबाप. १८६१ पासूनच्या जन्मनोंदीत तर आईवडिलांचं लग्न कधी आणि कुठे झालं तेही लिहिलेलं असतं. म्हणजे एका बाळाच्या नोंदीवरून लग्न सापडतं आणि लग्नावरून दोन्हीकडचे आजी-आजोबा. हे सगळं ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर आहे. सूची फुकट चाळता येते, मूळ पानाची प्रत पाहायला पैसे पडतात. ‘मॅक’ने सुरू होणारी आडनावं मॅक आणि एमसी अशी दोन्ही स्पेलिंगं टाकून शोधा, नाहीतर अर्धी माणसं निसटतात.

१८५५ च्या आधीचं काही हवं असेल तर गावोगावच्या चर्चच्या वह्या पाहाव्या लागतात. तिथे मात्र घराण्याचा पंथ आधी ठाऊक हवा. जेम्स विल्सन घ्या. १८०५ साली हॉइक गावी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरात जन्मलेला हा माणूस. त्याने १८५३ मध्ये चार्टर्ड बँक (आजच्या स्टँडर्ड चार्टर्डची पूर्वज) काढली, भारतात अर्थखातं सांभाळायला आला आणि १८६० च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात आमांशाने गेला. अशा घरासाठी क्वेकरांच्या स्वतःच्या वह्याच पाहायला हव्यात. आणखी एक पाहा: विल्सनला सहा मुली, मुलगा नाही. थोरली एलायझा १८५८ मध्ये लेखक-पत्रकार वॉल्टर बॅजटला दिली. विल्सन आडनाव धरून खाली उतरत गेलात तर हाती काहीच लागणार नाही.

आपल्याकडच्या माणसाची गल्लत होते ती मधल्या नावाशी. ते वडिलांचं नाव समजू नका. स्कॉटिश मुलाचं मधलं नाव पुष्कळदा आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव असतं, आणि तोच सगळ्यात चांगला धागा. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं आणि पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव ठेवायची रीतही जुनी आहे. तो कायदा नव्हता, पण एकाच नावाचे तिघे समोर आले तर निवड करायला उपयोगी पडते. मूल लहानपणी गेलं तर तेच नाव पुढच्या बाळाला देत, तेवढं लक्षात ठेवा.

आता नोकरी. मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी गावच्या बँकेत उमेदवारीला लागायचा, मग लंडनच्या कचेरीत काही काळ, आणि तिथून पूर्वेकडे. जनगणनेत बापाचा धंदा ‘बँक एजंट’ दिसला तर तो शाखेचा व्यवस्थापक होता असं समजा. १८७१ आणि १८८१ च्या जनगणनेत कुटुंबाचं घर मोठ्यावरून एकदम लहान झालेलं दिसलं, तर १८७८ चा ऑक्टोबर आठवा. सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली तेव्हा भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती, म्हणजे बँकेची देणी त्यांना स्वतःच्या मालमत्तेतून फेडावी लागली. एकूण १,८१९ भागधारकांपैकी कसेबसे २५४ तगले. या भागधारकांत तुमच्या माणसाचा बाप होता का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बँकांची नावं बदलत गेली, त्यामुळे दप्तर कुठे आहे ते आधी ठरवावं लागतं. मर्कंटाइल बँक १९५९ मध्ये हाँगकाँग बँकेने (आजची एचएसबीसी) घेतली, म्हणून तिचे कागद एचएसबीसीच्या संग्रहात. चार्टर्डचं दप्तर ‘द लंडन आर्काइव्ह्ज’मध्ये, म्हणजे पूर्वीच्या लंडन महानगर अभिलेखागारात. माणूस एका शहरात राहिला असं धरून चालू नका. इन्व्हरनेसकडचे सर यूअन कॅमरन हाँगकाँग बँकेच्या शांघाय शाखेचे प्रमुख होते, पुढे लंडनला गेले. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमरन त्यांचे खापरपणतू.

लग्न शोधताना वय ध्यानात घ्या. ठरावीक पगार होईपर्यंत बँक तरुण अधिकाऱ्याला लग्नाची परवानगी देत नसे, त्यामुळे बरीच लग्नं तिशी ओलांडल्यावर होत. तो लांब रजेवर गावी गेला असेल ती वर्षं आधी पाहा. लग्न तिथे झालं असेल तर दोन्ही आयांची नावं मिळतील. नवरी बोटीने मुंबईला येऊन इथे लग्न झालं असेल, तर नोंद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याच्या) दप्तरात. त्यातले विभाग असे: बंगालसाठी एन/१, मद्राससाठी एन/२, मुंबईसाठी एन/३. तिथे बापांची नावं असतात, आईंची मात्र गायब. मग वधूच्या गावचं वर्तमानपत्र पाहायचं. ‘अमक्यांची द्वितीय कन्या’ एवढी एक ओळही पुरते.

मुलं सात-आठ वर्षांची झाली की शिक्षणासाठी स्कॉटलंडला पाठवत, आणि ती बापाच्या नव्हे तर आजीच्या किंवा मावशीच्या घरात सापडतात. फॉरफरच्या एका घराचं १८८१ चं पान माझ्यासमोर आहे. घरप्रमुख विधवा आजी, खाली दोन नातवंडं, सात आणि पाच वर्षांची, धंद्याच्या रकान्यात ‘शाळकरी’ आणि जन्मस्थळाच्या रकान्यात ‘मुंबई, ईस्ट इंडीज’. नातवंडांचं आडनाव आजीपेक्षा वेगळं. म्हणजे ती लेकीची मुलं. त्या वेगळ्या आडनावाने मला मुंबईच्या बँकेतला जावई मिळवून दिला. आईबाप हजारो मैलांवर आणि ही दोघं तिथे, हे वाचून जीव कळवळतो. म्हणून जनगणना चाळताना आडनाव रिकामं सोडून जन्मस्थळाने शोधून बघा.

माणूस परदेशात वारला आणि स्कॉटलंडमध्ये त्याची मालमत्ता असली, तर तिच्या वारशाचं काम एडिनबरोच्या न्यायालयात चाले. त्याच्या गावच्या न्यायालयात काही नाही म्हणून निराश होऊ नका. स्कॉटिश कायद्यात बायकोचा आणि मुलांचा जंगम मालमत्तेवर हक्क असतो आणि मृत्युपत्राने तो सहजासहजी काढून घेता येत नाही, त्यामुळे वारसांची नावं या कागदांत येतात. लग्न झालेल्या मुली इथेच सापडतात.

एवढं हाती आलं की शिवडीला जा. एन/३ मधली दफनाची तारीख लिहून न्या. नुसत्या नावावरून कार्यालयातल्या माणसालाही शोधणं जड जातं. जुनी नोंद असेल तर सोनापूरची आधीची दफनभूमीही विचारात घ्या. थडग्याचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, अक्षरं उठून दिसतात. दगडावर खडू किंवा ब्रश फिरवू नका. दगड नाहीच मिळाला तर त्याच्या बापाचं गावचं थडगं बघा. परदेशी वारलेल्या मुलाचं नाव, शहर आणि वय तिथे कोरायची पद्धत होती, आणि तिथल्या स्थानिक वंशशोध मंडळांनी अशा मजकुरांच्या याद्या छापल्या आहेत.