बेळगावचे जुने आकडे कुठल्या खंडात शोधाल?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीवर प्रबंध लिहिताय? मग संदर्भग्रंथ मागण्याआधी त्याचं साल बघा. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वीचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून 1951 ची जनगणना मुंबई राज्याच्या खंडांत मिळते. 1961 ची मात्र म्हैसूर राज्याच्या. ग्रंथालयात नुसतं ‘कर्नाटक’ म्हणून शोधलंत तर दोन्ही हुकतील, कारण ते नावच 1973 चं.

खरी मेख पुढे आहे. राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका बेळगावातून निघून कोल्हापूरला गेला. त्यामुळे 1951 आणि 1961 चे जिल्ह्याचे आकडे थेट शेजारी मांडू नका. 1951 च्या तालुकावार तक्त्यातून चंदगड वजा करा, मगच वाढ काढा, आणि तसं तळटीपेत स्पष्ट लिहा. मार्गदर्शकांनी विचारेपर्यंत थांबू नका.

त्याआधीच्या काळासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 21 वा खंड, 1884 चा, संपूर्ण बेळगाववर आहे. जमीन, शेती, जाती, व्यापार यांची माहिती भरपूर. पण ती वसाहती अधिकाऱ्यांच्या नजरेतली. जातींवरची वर्णनं तर जशीच्या तशी उचलूच नयेत. संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत वाचता येतो.