हेअर ट्रान्सप्लांट करून घरी आलात? आता आधी दाराची चौकट बघा

हुबळीला जाऊन केस लावून आलो, खुर्चीत आठ तास गेले, पण खरी कसरत बेळगावला घरी आल्यावर सुरू झाली. क्लिनिकवाले कागद देतात त्यात सगळं असतंय, फक्त आपल्या घरात काय नडतं ते नसतंय.

आमचं शहापूरचं घर जुनं, दारं बुटकी. दुसऱ्या दिवशी गोळ्यांच्या गुंगीत उठलो आणि चौकट लागता लागता राहिली की! पहिले तीन-चार दिवस ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट रोवलेला केस, नुसत्या धक्क्यानंसुद्धा निघतो, नीट धरायला साधारण दहा दिवस जातात. मग चौकटीला आईच्या लाल लुगड्याची चिंधी बांधली, दिसली की गुडघ्यातून वाकायचं, डोकं खाली घालायचं नाही. टी-शर्ट बंद, बटणाचा शर्टच घाला. गाडी नको कारण हेल्मेट नको, डॉक्टर हो म्हणेपर्यंत रिक्षा करा.

झोपताना दोन-तीन उशा लावून अर्धवट बसल्यासारखं, मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलची गुंडाळी, आठवडाभर तरी. तरी तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली, आई घाबरून मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आली, काढू दिली, फक्त लांबून. ही सूज दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते.

धुणं मात्र सांगितलेल्या दिवशीच सुरू करा. शॉवर नको, कोमट पाणी तांब्यानं हळू सोडायचं, शॅम्पूचा फेस तळहातावर करून नुसता टेकवायचा, चोळायचं नाही. खपल्या आठ-दहा दिवसांत गळतात, खाज मरणाची सुटते, पण नख लावलं तर केस मुळासकट हातात येतोय. मी रात्री हातात मोजे घालून झोपायचो, बायको हसायची, हसू दे. एखादा ग्राफ्ट निघून रक्त आलंच तर स्वच्छ गॉज हलकेच दाबून धरा आणि क्लिनिकला फोन लावा.

सिगरेट, तंबाखू, गुटखा बंद, निपाणीकडच्या दोस्तांनो माफ करा, पण निकोटिननं रक्तवाहिन्या आखडतात आणि ग्राफ्टला रक्त कमी पोचतं. दारू, जिम, पोहणं, भर उन्हात शेतावर जाणं यातलं काय कधी चालेल ते डॉक्टरलाच विचारा. आईचं खोबरेल आणि हळदसुद्धा लांब ठेवा.

दोन-तीन आठवड्यांनी लावलेले केस गळायला लागतात, तेव्हा गल्लीत सगळे म्हणणार पैसे बुडाले म्हणून. बुडाले नाहीत, मूळ आत असतंय, नवीन केस तीन-चार महिन्यांनी डोकं वर काढतात आणि पूर्ण दिसायला वर्ष जातं.

पण ताप आला, पू दिसला, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठा, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारत बसू नका.